तिसरा पेपर अमेरिकेचा

मंजिरी वैरागडे भाजलेल्या बटाट्यावर बीन्स वाढत होती, तेव्हा काउंटरच्या पलीकडे मुलांचं जोरात भांडण चाललं होतं. भांडण अमेरिकेवरून होतं.

२०२३च्या ऑक्टोबरमधली गोष्ट आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्याच सभापतीला मतदान करून खुर्चीवरून खाली ओढलं होतं. त्यांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं आणि नवा सभापती काही केल्या निवडला जात नव्हता. इल्फर्डमधल्या त्या शाळेत इयर थर्टीनची मुलं, म्हणजे आपल्याकडची बारावीची, ए-लेव्हलला पॉलिटिक्स शिकत होती. त्या विषयाचा एक अख्खा पेपर अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवर असतो. बाईंनी त्यांना प्रश्न घातला होता: राष्ट्राध्यक्षाचं काही बरंवाईट झालं तर उपाध्यक्ष, त्याचंही झालं तर सभापती. पण सभापतीच नसेल तर कोण?

"परराष्ट्रमंत्री," एक उंच मुलगा ट्रे पुढे सरकवत म्हणाला.

"कुणीच नाही. नवी निवडणूक घ्यावी लागेल," त्याच्या मागची मुलगी म्हणाली.

मंजिरीच्या हातातली पळी हवेतच थांबली. "सेनेटची हंगामी अध्यक्ष," ती म्हणाली. तिचं इंग्रजी तेव्हा प्रत्येक शब्द आधी मनात तपासून मग बाहेर सोडायचं, पण हे वाक्य सरळ आलं. "परराष्ट्रमंत्री तिच्यानंतर. १९४७चा कायदा आहे."

मुलगा तिच्या केसांवरच्या जाळीकडे बघत राहिला. किचनची मुख्य डोरीन मागून ओरडली, "मंजी, बीन्स!" आणि मंजिरी पळी बटाट्यावर रिकामी करत स्वतःशीच पुटपुटली, "बाप्पा, एवढंही माहीत नाही पोरांना!"

ते ऐकून मागची मुलगी काउंटरवर जवळजवळ चढलीच. "तू मराठी आहेस? माझा आजी पण सेम असंच बोलतो! बाप्पा!"

ती सारा कर्णिक. सतरा वर्षांची, इल्फर्डमध्येच जन्मलेली, आजी-आजोबा सत्तरच्या दशकात मुंबईहून आलेले. तिच्या मराठीत सगळ्या आजी-मावश्या पुल्लिंगी होत्या, पण तोंड एकदा सुटलं की थांबायचं नाही.

मी मंजिरीच्या खालच्या मजल्यावर राहते. त्या संध्याकाळी ती जिना उतरून माझ्याकडे आली तीच मुळी धापा टाकत. "अगं, आज मला कुणीतरी नागरिकशास्त्र विचारलं!" माहेरहून पत्र आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

ती वर्ध्याची. तिथल्या एका शाळेत अकरा वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला विषय, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा. हिच्या वर्गात मात्र तसं नव्हतं. चपलांच्या खोक्यांच्या मतपेट्या करून ती मॉनिटरची निवडणूक घ्यायची, आणि हरलेल्या मुलाला विरोधी पक्षनेता नेमून दर शुक्रवारी प्रश्न विचारायला लावायची. एम.ए. तिने नोकरी सांभाळून बाहेरून केलं. त्यात राज्यघटनांच्या तुलनेचा एक पेपर होता आणि त्यात ती अमेरिकेच्या प्रेमात पडली. तिने फिलाडेल्फिया कधी पाहिलं नव्हतं. पण १७८७च्या उन्हाळ्यात तिथल्या सभागृहाच्या खिडक्या बंद करून पंचावन्न माणसं चार महिने कशावरून भांडली, हे ती सांगायला लागली की आपल्यालाच घाम फुटायचा. लहान राज्यांना वाटायचं मोठी आपल्याला गिळतील, मोठ्यांना वाटायचं माणसं आमची जास्त तर मतंही जास्त हवीत. शेवटी दोन सभागृहं झाली: एकात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोनच. "सगळे थोडे थोडे नाराज झाले आणि देश झाला," असं ती सांगायची.

२०२१ साली नवरा यतीन सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर लंडनला आला आणि ती डिपेंडंट व्हिसावर त्याच्यामागे. तिने एकामागून एक चौदा शाळांना अर्ज केले. वर्ग मदतनीस म्हणून घ्या, ग्रंथालयात घ्या, काहीही. सगळीकडून नम्र उत्तरं आली: तुमची डिग्री छान आहे, पण इथला अनुभव नाही. मग एका शाळेच्या किचनमध्ये जागा निघाली आणि तिने ती घेतली. इथे अशा बाईला डिनर लेडी म्हणतात, जरी जेवण दुपारचं असलं तरी. आईला फोनवर तिने सांगितलं, "शाळेत लागले." ते खोटं नव्हतं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी एक सडपातळ बाई, काखेत सायकलचं हेल्मेट, थेट काउंटरपाशी आल्या. त्यांनी जेवण मागितलंच नाही.

"१९४७चा कायदा माहीत असलेल्या त्या तुम्हीच का?"

या मिस हॅलम. शाळेत पॉलिटिक्स शिकवणाऱ्या एकट्या. मंजिरीला वाटलं, आपण मुलांमध्ये बोललो म्हणून तक्रार आली. ती माफी मागायला लागली तर मिस हॅलम म्हणाल्या, "बुधवारी शाळा सुटल्यावर मी मुलांची उजळणी घेते. तुमची शिफ्ट तेव्हा संपलेली असते ना? या की."

पहिल्या बुधवारी ती मागच्या बाकावर बसणार होती. अंगाला चिप्सच्या तेलाचा वास येत होता, म्हणून खिडकीजवळ. पण मिस हॅलमनी दहा मिनिटांतच फळ्यावरचा खडू, म्हणजे इथला मार्कर, तिच्या हातात दिला. विषय होता घटनादुरुस्ती. मुलांना पाठ होतं: काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग राज्यांपैकी तीन चतुर्थांशांची मान्यता, म्हणजे पन्नासांपैकी अडतीस. पाठ होतं आणि कंटाळा आला होता.

मंजिरीने मार्करचं टोपण काढलं आणि गोष्ट सुरू केली. अमेरिकेच्या घटनेत सत्तावीस दुरुस्त्या. सत्ताविसावी काय म्हणते? खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला तर तो पुढच्या निवडणुकीनंतरच मिळेल. ही सुचवली गेली १७८९मध्ये. पुरेशी राज्यं मिळाली नाहीत, सगळे विसरून गेले. मग १९८२ साली टेक्सासमधल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने निबंध लिहिला, की अहो, या प्रस्तावाला मुदतच घातलेली नव्हती, तो अजून जिवंत आहे! त्याच्या बाईंना ते पटलं नाही. त्यांनी त्याला सी दिला.

"सी?" उंच मुलगा ओरडला.

"सी. मग तो चिडला आणि त्याने राज्याराज्याला पत्रं लिहायला सुरुवात केली. एकेक राज्य मान्यता द्यायला लागलं. १९९२ साली पुरेशी राज्यं झाली. दोनशे दोन वर्षांनी घटना बदलली. एका सी मिळालेल्या पोराच्या रागामुळे!"

वर्गात असा गलका झाला, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. "त्याचा सी बदलला का?" सारा विचारत होती. बदलला, मंजिरी म्हणाली, पस्तीस वर्षांनी युनिव्हर्सिटीने ए करून दिला. मुलांनी बाकं बडवली. मिस हॅलम भिंतीला टेकून हसत होत्या.

त्यानंतर बुधवार हा मंजिरीचा सण झाला. ती मंगळवारी माझ्याकडे येऊन तालीम करायची. मला राष्ट्राध्यक्ष करायची आणि स्वतः काँग्रेस व्हायची. मी विधेयक अडवलं की ती दोन तृतीयांश बहुमताने माझा नकाराधिकार उलथवायची, आणि मग सर्वोच्च न्यायालय होऊन स्वतःचाच कायदा रद्द करायची. "बघ, कुणालाच पूर्ण सत्ता नाही! यालाच म्हणतात नियंत्रण आणि संतुलन." शब्द तिच्या डोक्यात सगळे मराठीत होते. सारा ते कार्डांवर देवनागरीत लिहून घ्यायची, खाली इंग्रजी अर्थ. साराच्या आजी मला एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, आमची पोरगी 'न्यायालयीन पुनर्विलोकन' म्हणायला शिकली, आणि अजून भाकरी 'तो' आहे!"

जानेवारीत शाळेने जाहिरात काढली: सप्टेंबरपासून इतिहास-पॉलिटिक्स विभागात वर्ग मदतनीस हवा. मंजिरी हेडकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेली. त्या चांगल्या बोलल्या, पण अडचण तीच सांगितली. डिग्री आहे, शिकवल्याचा अनुभव आहे, पण इथल्या परीक्षा, इथलं मूल्यमापन तुम्ही कधी आतून पाहिलेलं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मिस हॅलम वाट बघत होत्या. ऐकून त्या म्हणाल्या, "मग आतून बघा. या मुलांबरोबर परीक्षेला बसा. बाहेरचा उमेदवार म्हणून शाळा तुमचं नाव घालू शकते. फेब्रुवारीत फॉर्म जातात."

मंजिरी घरी आली आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. यतीन कुकर लावत होता.

"काय झालं?"

"बारावीला बसू का?"

"कोण?"

"मी. ए-लेव्हल. तीन पेपर आहेत. दोन इथल्या राजकारणाचे, तिसरा अमेरिकेचा."

यतीनने शिट्टी नीट बसवली. "बेचाळिसाव्या वर्षी बारावी," तो म्हणाला. ती चिडणार एवढ्यात त्याने कपाटातून एक कोरी वही काढून टेबलावर ठेवली. "मला भूगोलात पंचेचाळीस होते. घरात एकाने तरी चांगले मार्क आणावेत."

मार्चमध्ये सराव परीक्षा झाली. तिसऱ्या पेपरला मंजिरीने बारा पानं लिहिली. सारा म्हणते, मावशीचा हात थांबतच नव्हता, आम्ही सगळे घाबरलो. आठवड्याने निकाल आला. मंजिरीला ई. म्हणजे काठावर.

ती त्या दिवशी किचनमध्ये आली, ॲप्रन घातला आणि फ्रीजर रूममध्ये जाऊन उभी राहिली. डोरीनने तिला बाहेर आणलं, स्टुलावर बसवलं आणि हातात चहा दिला. साठीची डोरीन, इल्फर्डचीच, फारसं शिकलेली नव्हती. "अडतीस वर्षं मी या मुलांना जेवायला घालतेय," ती म्हणाली, "ई मिळालेली निम्मी मुलं आता गाड्या घेऊन फिरतात. जा, त्या बाईला विचार काय चुकलं ते."

मिस हॅलमनी पेपर उघडून समोर ठेवला. मंजिरीने नेहमीसारखं लिहिलं होतं: प्रस्तावना, गुण, दोष, समारोप. प्रत्येक शीर्षकाखाली दोन रेघा. गुण सात, दोष सात. प्रश्न होता, अमेरिकेची घटना बदलायला फार अवघड आहे का?

"यात सगळं बरोबर आहे," मिस हॅलम म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. पण उत्तर कुठे आहे?"

"समारोपात."

"समारोपात तुम्ही लिहिलंय, दोन्ही बाजूंना तथ्य आहे. तुम्हाला काय वाटतं, ते विचारलंय. मिसेस वैरागडे, तुम्हाला काय वाटतं?"

मंजिरीने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळाच झाला होता. "अगं, पहिलीपासून एम.ए.पर्यंत मला कुणी विचारलंच नाही. आणि मीही कुणाला विचारलं नाही. अकरा वर्षं मी पोरांना लोकशाहीचे गुण-दोष लिहून देत होते."

पुढच्या शनिवारी सारा तिला व्हॅलेंटाइन्स पार्कमध्ये घेऊन गेली. थंडी होती, ऊन होतं, तळ्यावर बदकं होती. सारा बाकावर मांडी घालून बसली, न्यायाधीशासारखी.

"अमेरिकाची घटना चेंज करायला टू डिफिकल्ट आहे. येस ऑर नो?"

"त्याला दोन बाजू—"

"नो! मावशी, तू काय विचार करतो?"

"मला वाटतं... अवघड असावी. म्हणजे इथलं बघ, ब्रिटनमध्ये एकसंध लिखित घटनाच नाही. पार्लमेंटने मनात आणलं तर साध्या बहुमताने काहीही बदलता येतं. माणसाचं बोलायचं स्वातंत्र्य असं एका दुपारच्या मतदानावर ठेवायचं?"

"सो, नो. टू डिफिकल्ट नाही."

"थांब ना! पण अमेरिकेत काय झालंय? तेरा राज्यं नाही म्हणाली की संपलं. अगदी छोटी तेरा राज्यं! देशातली बहुतेक माणसं एकीकडे आणि तरी काही होत नाही. मग काय होतं माहितीये? लोक घटना बदलू शकत नाहीत म्हणून न्यायाधीश तिचा अर्थ बदलतात. नऊ जण, तहहयात, कुणी निवडून न दिलेले! हे बरोबर आहे का? आम्ही भारतात शंभराच्या वर दुरुस्त्या केल्या, पण न्यायालयाने सांगून ठेवलंय की घटनेच्या गाभ्याला हात लावायचा नाही. अवघड हवी, पण अशक्य नको. अमेरिकेची अशक्य झालीये. हो! टू डिफिकल्ट! माझं उत्तर हो!"

ती कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एक आजीबाई थांबून बघत होत्या. सारा टाळ्या वाजवत होती. "ते लिही! एक्झॅक्टली ते! पहिल्या लाइनमध्ये लिही आणि मग फाइट कर!"

घरी मग लढाईच सुरू झाली. यतीनने ओव्हनच्या टायमरवर पंचेचाळीस मिनिटं लावायची आणि कणीक मळता मळता मुद्दाम उलट बोलायचं. "सेनेट बरखास्त करा. वायोमिंगला दोन आणि कॅलिफोर्नियाला पण दोन, हा काय न्याय आहे?" वरच्या मजल्यावरून मला मंजिरीचा आवाज ऐकू यायचा, "अरे, पण संघराज्य म्हणजे काय ते तुला समजूनच नाही राहिलं!" एप्रिलअखेर तिच्या सरावाच्या उत्तरांना बी मिळायला लागला, मग एकदा ए.

एप्रिलमध्येच आणखी एक गोष्ट झाली. इथल्या निवडणुकांचं प्रकरण वाचताना मताधिकाराच्या पानावर ती अडकली. मतदार कोण? ब्रिटिश नागरिक, आयरिश नागरिक, आणि इथे कायदेशीर राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक. तिने ते वाक्य तीनदा वाचलं, मग पुस्तक तसंच उघडं धरून माझ्या दारावर थापा मारल्या.

"भारत राष्ट्रकुलात आहे ना?"

"आहे."

"मग आपण इथे मत देऊ शकतो! व्हिसावर असून! तीन वर्षं झाली आणि मला, नागरिकशास्त्राच्या बाईला, पत्ताच नाही!"

मला मात्र ठाऊक होतं. मी तेवीस वर्षांपासून मत देते आहे, आणि तिला कधी सांगायचं मला सुचलं नव्हतं. मी ते कबूल केलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती वर्ध्यात गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहत असेल. यतीनला तिने कॉलमधून उठवलं. पाच मिनिटांत दोघांची नावनोंदणी ऑनलाइन झाली. नंतर तिने आमच्या मराठी ग्रुपवर एवढा मोठा मेसेज टाकला, की आठवडाभर लोक तिला फोन करून विचारत होते, हे खरं आहे का? पुण्या-मुंबईचे, बँकेतले, मोठमोठ्या पगाराचे लोक. प्रत्येकाला ती तेच उत्साहाने सांगायची, जसं काही पहिल्यांदाच सांगत आहे.

पहिला पेपर मे महिन्यात झाला. परीक्षा सुरू असतानाच भर पावसात पंतप्रधानांनी निवडणूक जाहीर केली: चार जुलै. मंजिरी नाचायचीच बाकी होती. "अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! त्याच दिवशी ब्रिटनची निवडणूक, आणि मी मत देणार!"

तिसरा पेपर जूनमध्ये. शाळेच्या जिममध्ये बाकांच्या रांगा, प्रत्येक बाकावर नावाचं कार्ड. साराची रांग दुसरी, मंजिरी अगदी शेवटी, दाराजवळ. पर्यवेक्षकांनी तिला बघून विचारलं, "पाण्याच्या बाटल्या आणल्यात का?" त्यांना वाटलं किचनमधून काही आलं आहे. तिने पारदर्शक पिशवीतली पेनं दाखवली आणि आपल्या नावाच्या कार्डासमोर जाऊन बसली. सगळ्या मुलांनी मान वळवून तिला अंगठे दाखवले आणि पर्यवेक्षकांना सगळ्यांना पुढे बघायला सांगावं लागलं.

दोन तास. शेवटच्या निबंधात तिने पहिल्या ओळीत आपलं मत लिहिलं. शीर्षक नाही, रेघा नाहीत. वेळ संपायला चार मिनिटं असताना तिच्या लक्षात आलं की आपण विरोधी बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेतलाच नाही. तिने तो समासात बाण काढून घेतला आणि तिथेच खोडून काढला. बाहेर आल्यावर ती आणि सारा शाळेच्या पायऱ्यांवर अर्धा तास भांडत होत्या. दोघींनी एकाच प्रश्नाचं बरोबर उलट उत्तर लिहिलं होतं, आणि दोघींनाही खात्री होती की आपलंच बरोबर.

चार जुलैला सकाळी सात वाजता मतदान केंद्र उघडलं तेव्हा दारात आम्ही तिघं होतो. केंद्र म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा चर्चचा हॉल. इथे आता फोटो ओळखपत्र लागतं आणि आपला भारतीय पासपोर्ट चालतो. टेबलामागच्या काकांनी पासपोर्टातला फोटो बघितला, यादीत तिच्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. ती हात पुढे करून उभीच.

"आणखी काही हवंय का?"

"शाई?" तिने डाव्या हाताचं बोट दाखवलं.

काकांनी खिशातून निळं पेन काढून तिला दिलं. "खरं तर आत पेन्सिल बांधलेली आहे," ते म्हणाले, "पण लोकांचा पेन्सिलीवर विश्वास नसतो, मला कळतं."

मी तिथेच हसायला लागले. मंजिरी पेन घेऊन गंभीरपणे आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. यतीन दारातून कुजबुजला, "अगं, एकच फुली मारायची आहे." आतून आवाज आला, "वाचू दे ना नीट!" ती बाहेर आली, घडी घातलेली मतपत्रिका तिने पेटीत टाकली, आणि मग त्या काकांचा हात हातात घेऊन इतक्या जोरात हलवला, की त्यांनी खुर्चीवरून उठून तिला नमस्कार केला.

निकालाचा दिवस होता पंधरा ऑगस्ट. सकाळीच तिच्या जुन्या शाळेतल्या झेंडावंदनाचा व्हिडिओ फोनवर आला होता. तो बघतच ती शाळेत गेली. मी सुट्टी काढून सोबत गेले होते, कारण यतीन म्हणाला, मला नाही बघवणार. हॉलमध्ये मुलं लिफाफे फोडून ओरडत होती, रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. साराला ए मिळाला होता. साउथहॅम्प्टनला पॉलिटिक्स शिकायची तिची जागा पक्की झाली होती.

मंजिरीचा लिफाफा मिस हॅलमनी स्वतः आणून दिला. तिने तो माझ्या हातात दिला, मग परत घेतला, मग फोडला. एकूण बी. इथल्या राजकारणाच्या दोन पेपरांत थोडे मार्क गेले होते.

"खाली बघा," मिस हॅलम म्हणाल्या. "तिसऱ्या पेपरचे मार्क बघा."

खाली आकडा होता. मला त्यातलं काही कळलं नाही. मिस हॅलमनी सांगितलं, "या शाळेत यंदा अमेरिकेच्या पेपरला यापेक्षा जास्त कुणालाच नाहीत."

सारा तोपर्यंत येऊन पोचली होती. तिने आकडा वाचला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं किंचाळली. "मावशी, तू मला बीट केला! माझा मावशी फर्स्ट आला!" बुधवारची सगळी मुलं धावत आली. किचनमधून डोरीन हात पुसत बाहेर आली, काय झालं ते विचारून घेतलं आणि मंजिरीला ॲप्रनसकट मिठी मारली. मंजिरी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मध्येच ती साराला सांगत होती, "केला नाही गं, केलं! मावशी आली!"

सप्टेंबरपासून मंजिरी त्या विभागात वर्ग मदतनीस म्हणून रुजू झाली. अमेरिकेच्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, सहा नोव्हेंबरला, मी मुद्दाम कामावर उशिरा जाणार असं कळवून तिच्या वर्गात डोकावले. ती साडेसहालाच येऊन बसली होती. भिंतीवर अमेरिकेचा एवढा मोठा कोरा नकाशा होता, आणि बावीस मुलांमध्ये पन्नास राज्यं वाटून दिलेली. ज्याचं राज्य जाहीर होईल त्याने उठून ते रंगवायचं आणि फळ्यावर तिथे जिंकलेल्या उमेदवाराच्या बेरजेत त्या राज्याच्या वाट्याची मतं मिळवायची. ज्याची दोनशे सत्तर झाली तो उमेदवार जिंकला. विस्कॉन्सिन जिच्याकडे होतं ती मुलगी साडेदहापर्यंत खुर्चीवर टेकलीच नाही. ते जाहीर झालं, बेरीज पुढे गेली आणि वर्गात एकदम दंगा उसळला. काही जण खूश, काही जण डोकं धरून, सगळे एकाच वेळी बोलत होते.

"संपलं, मिस!" कुणीतरी म्हणालं.

"कोण म्हणतं संपलं?" मंजिरीने मार्कर उचलला. तिचं इंग्रजी आता शब्द तपासत थांबत नव्हतं. "अजून राष्ट्राध्यक्ष निवडलाच गेलेला नाही. डिसेंबरमध्ये प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी जमून प्रत्यक्ष मत देतील. जानेवारीत काँग्रेससमोर ती मतं मोजली जातील. मग शपथ. बसा सगळे, बसा. आता खरी गंमत सुरू होते!"

आणि तिने फळ्यावर पहिली तारीख लिहिली.